नूरमहंमदचं 'म्हंजे'

त्या टॉकीजमध्ये मी आयुष्यात एकदाही पाऊल टाकलं नाही. बायकोनं हट्ट केला, पोरी रुसल्या, जावयानं फुकटचे पास आणून दिले. नाही म्हणजे नाही. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला सिनेमाचं वावडं आहे. कसलं वावडं? नगरला कामाला गेलो की मी गुपचूप सिनेमे बघून यायचो. मला किळस येते ती त्या भिंतींची. आणि खरं सांगायचं तर त्या भिंतींकडे बघितलं की मला माझीच येते.

गावाचं नाव लिहीत नाही. तेव्हाच्या म्युन्सिपालटी मेंबरांची नातवंडं अजून तिथंच आहेत आणि त्यातली दोन आता स्वतःच मेंबर आहेत. नगरपासून मोटारीनं अडीच तासांवरचं तालुक्याचं गाव, हातमागांचं. तिथल्या म्युन्सिपालटीत मी कारकून होतो, आणि नूरमहंमद आमचा दवंडीवाला.

नूरमहंमद मोमिनांच्या आळीतला, घरचा विणकर. पण चाळिशीच्या आतच त्याचे डोळे अधू झाले. मागावर बसायचा, धागा तुटायचा आणि याला दिसायचा नाही. आता ज्याला तुटलेला धागा दिसत नाही त्यानं विणायचं काय, कपाळ? पण आवाज मात्र असा दणदणीत की वेशीपाशी बोलला तर बाजारतळावर ऐकू जावं. कुणीतरी शब्द टाकला आणि सदतीस साली त्याच्या अंगावर खाकी कोट चढला. पितळी बिल्ला मिळाला, डफ मिळाला.

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. कागद मी दोनदा वाचायचो. तो डोळे मिटून, कान धरून ऐकायचा आणि अक्षर न् अक्षर म्हणून दाखवायचा. तिसऱ्यांदा वाचायची वेळ त्यानं माझ्यावर नऊ वर्षांत आणली नाही. पाठ झालं की डोळे उघडायचा आणि विचारायचा, "म्हंजे काय, भाऊसाहेब?"

मी समजावून सांगितल्याशिवाय गडी कचेरीची पायरी उतरायचा नाही. एकदा वैतागून मी म्हणालो, "अरे, तुला काय करायचंय? तू आपला वाजव आणि ओरड."

"नुसतं वाजवायला माकडवाला बी वाजवतो," तो म्हणाला. "जे मलाच कळलं न्हाई, ते मी लोकास्नी काय सांगू?"

मग समोरच्या हॉटेलातल्या चुलीवर डफ शेकून कडक करायचा आणि निघायचा. चौकात उभा राहून, "ऐका हो ऐका!" करून, आधी कागदावरचं सगळं जसंच्या तसं. पटकीची साथ आली तेव्हा कागद होता 'प्रतिबंधक लस टोचून घेणेबाबत', चांगला लांबलचक. तो संपेपर्यंत कुणी मान वर केली नाही. बाया भाजी निवडत होत्या, न्हाव्याचा वस्तरा चालू होता. मग नूरमहंमदनं डफावर एक थाप मारली आणि म्हणाला, "म्हंजे बाबांनो, पटकीची सुई टोचनार हाय. जरा दुखतं, पन मरन्यापरास बरं. माळ्यावर लपून बसू नगा. मी सोता टोचून घेतलीय, ह्यो बघा दंड!"

त्या 'म्हंजे'ला गावातले हात थांबायचे. कागद सरकारचा, पण कायदा गावाला कळायचा तो नूरमहंमदच्या 'म्हंजे'तून. लोकांना तर सवयच लागली होती, आधीचं सगळं कानाआड करायचं आणि 'म्हंजे'ची वाट बघायची. त्या सवयीनंच पुढं घात केला.

आता पांजणपट्टीबद्दल सांगतो. मोमिनांच्या आणि साळ्यांच्या आळ्यांच्या मागं ओढ्यापर्यंत लांबच लांब मोकळी जागा होती, दोन्ही बाजूंना जुनी कडुलिंबं. मागावर चढवायच्या आधी ताण्याच्या उभ्या धाग्यांना खळ लावावी लागते, नाहीतर ते तुटतात. त्यासाठी सगळा ताणा मोकळ्यावर शंभर शंभर हात लांब पसरायचा, दोन्ही अंगांनी चालत कुंचल्यानं खळ फिरवायची आणि ऊन चढायच्या आत वाळवायचा. ही पांजणी. घरात होत नाही, गल्लीत होत नाही, गाढव मधून गेलं की संपलं. गावातला प्रत्येक माग त्या एका पट्टीवर जगत होता. नूरमहंमदची बायको सरवरी सकाळी तिथंच लोकांच्या ताण्यांना खळ लावायची आणि घरातलं अर्धं जेवण त्यातून यायचं.

त्या जागेवर छगनशेटचा डोळा गेला.

छगनशेट लढाईत मोठा झालेला माणूस. नगरच्या पलटणींना गवत, लाकूड, अंडी काय वाटेल ते पुरवलं. खरं किती पुरवलं आणि कागदावर किती, ते त्याला आणि घोड्यांना ठाऊक. लढाई संपली आणि त्याला टॉकीज बांधायची हुक्की आली. गावाबाहेर रान पडलं होतं की हवं तेवढं! पण नाही, पट्टी बाजाराला लागून होती, तीच पाहिजे. आमचे प्रेसिडेंट रंगनाथराव त्याचे व्याही. पुढचं सांगायला नकोच.

सेहेचाळीसच्या जानेवारीत छगनशेटच्या मळ्यात हुरडा पार्टी झाली. कमिटीचे सगळे मेंबर आले. मिटिंगमध्ये एकमेकांचे गळे धरणारे हे लोक. एक खादीवाला, एक रावसाहेबकीची आशा लावून बसलेला, एक मशिदीच्या नावावर निवडून आलेला, एक देवळाच्या. एरवी एका दिव्याच्या खांबावरून चार चार तास भांडायचे. तिथं आगटीभोवती मांडीला मांडी लावून बसले, तळहातावर गरम कणसं चोळत, तोंडं काळी करून, आणि सगळ्यांचं एकमत! असं एकमत मी त्या म्युन्सिपालटीत ना आधी बघितलं, ना नंतर. तळे राखी तो पाणी चाखी म्हणतात. हे तर तळंच उचलून न्यायला बसले होते.

मला कागद घेऊन बोलावलं होतं. कायदा असा की सार्वजनिक जागा विकायची तर गावभर दवंडी द्यायची, तीस दिवसांची मुदत ठेवायची आणि लेखी हरकत आली तर सुनावणी घ्यायची. विणकरांनी एक अर्ज टाकला असता तरी विक्री अडकली असती.

"जागेचं नाव कशाला घालता, भाऊसाहेब?" रंगनाथराव दाण्यांवरची फोलपटं फुंकत म्हणाले. "सिटी सर्व्हे नंबर घाला. कायद्याला नंबर लागतो. आणि पुढं लिहा, पडीक."

"पडीक?" मी म्हणालो. "साहेब, तिथं रोज..."

"पडीक," ते म्हणाले आणि माझ्या हातावर मूठभर हुरडा ठेवला.

छगनशेट हसला. "नंबर घाला नाहीतर काही घाला. तुमचा तो म्हंजेवाला फोड करून सांगेल ना चौकात!" नालायक माणूस, पण गाव त्यालाच बरोबर कळलं होतं.

"त्याला सांगून ठेवा," रंगनाथराव मला म्हणाले. "कागदाबाहेर एक शब्द बोलला तर बिल्ला काढून घेईन. आणि तुमच्या नोकरीचंही येत्या महिन्या-दोन महिन्यांत ठरायचंय, नाही का?"

ठरायचं होतं. लढाईच्या काळात भरलेले जादा कारकून कमी करायची यादी निघाली होती आणि तीत माझं नाव वरून दुसरं होतं. घरात तीन पोरी. हे मी सबब म्हणून सांगत नाही. मी घाबरलो, एवढंच. तो हुरडा मी खाल्लासुद्धा. चांगला गोड होता.

दुसऱ्या दिवशी उजाडायलाच नूरमहंमद समोर बसला, डोळे मिटले, कान धरला. मी वाचलं, "सिटी सर्व्हे नंबर अकराशे बेचाळीस, पडीक, ही मिळकत विक्री करण्याचे योजिले असून ज्या कोणाची हरकत असेल त्याने तीस दिवसांचे आत लेखी कळवावी." दोनदा वाचलं. त्यानं म्हणून दाखवलं आणि डोळे उघडले.

"म्हंजे काय, भाऊसाहेब?"

"म्हणजे काही नाही. प्रेसिडेंटसाहेबांचा हुकूम आहे, कागदाबाहेर एक अक्षर बोलायचं नाही. बोललास तर बिल्ला जाईल."

"न्हाई बोलत. पन जागा कंची?"

"नंबर आहे ना."

"नंबर तर पलटनीतल्या घोड्याला बी असतो. जागा कंची हाय?"

त्याचे ते अधू डोळे माझ्या तोंडावर होते आणि त्यांना काय दिसत होतं देव जाणे. मी म्हणालो, "मलाही ठाऊक नाही, नूरमहंमद."

त्यानं डफ उचलला. मग म्हणाला, "तुमाला बी ठाऊक न्हाई म्हनताय, तर ऱ्हाऊ द्या." आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा न कळता पायरी उतरला.

त्या दिवशी मला त्याच्याबरोबर हिंडावं लागलं. दवंडी ऐकली म्हणून प्रत्येक आळीत दोघांचे अंगठे घ्यायचे होते. एरवी हा अंगठ्यांचा सोपस्कार कुणी करत नसे. यावेळी रंगनाथरावांनी मुद्दाम करायला लावला. चोराला वाटा बरोबर ठाऊक असतात.

बाजारतळ झाला, वेस झाली, साळ्यांची आळी झाली. प्रत्येक ठिकाणी तेच. नूरमहंमद कागद म्हणायचा, लोक आपापल्या कामात. मग तो थांबायचा, लोक मान वर करायचे, 'म्हंजे'ची वाट बघायचे, आणि तो डफ काखेत मारून चालू पडायचा. "आज काय झालं रे ह्याला?" कुणीतरी म्हणायचं, आणि लोक पुन्हा कामाला लागायचे. 'म्हंजे' नाही तर आपल्या कामाचं नाही, असाच गावाचा हिशेब होता.

शेवटी पांजणपट्टी. सकाळचं ऊन कडुलिंबांतून खाली येत होतं. सात-आठ ताणे पसरले होते, पांढरे, पिवळे, एक जांभळा. सरवरी डोईवर पदर घट्ट घेऊन कुंचला फिरवत चालली होती. तिच्या समोरच्या अंगाला बनुबाई साळीण. बनुबाई म्हणजे पट्टीवरची सगळ्यात जुनी बाई, तोंडानं फटकळ, पण पांजणीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

नूरमहंमद त्या दोन ताण्यांच्या मधोमध उभा राहिला. पायाखाली अकराशे बेचाळीस नंबर. डफ वाजवला आणि त्या दणदणीत आवाजात, स्वतःच्या बायकोच्या समोर, ती जागा विकायला काढल्याची दवंडी दिली. अक्षर चुकला नाही.

सगळे थांबले. सरवरीचा कुंचला हवेत.

"अन् म्हंजे?" बनुबाईनं विचारलं.

"आज म्हंजे न्हाई, मावशी. सरकारी हाय," तो म्हणाला. "अंगठा द्या, भाऊसाहेबांना घाई हाय."

बनुबाईनं अंगठा दिला. सरवरीच्या हाताला खळ लागली होती, शाई बसेना. तिनं हात पदराला पुसला, पुन्हा लावला, तरी नीट उठेना. "पाण्यानं धुवून येते, भाऊसाहेब," म्हणून ती ओढ्यावर गेली, हात धुवून आली आणि ठसठशीत अंगठा उठवला. मी "बरं" म्हणालो. अजून एक वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. जाऊ दे की! पण नाही बोललो. ना त्या दिवशी, ना पुढच्या तीस दिवसांत. रोज कचेरीत येताना पट्टीवरून यायचो, आता लांबून येऊ लागलो.

एकतिसाव्या दिवशी सकाळी छगनशेटची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली आणि पहिला कडुलिंब पडला. ताणे गुंडाळायलासुद्धा सवड दिली नाही. जांभळा ताणा फांद्यांखाली सापडून तसाच राहिला.

तासाभरात सगळा विणकर म्युन्सिपालटीच्या अंगणात. रंगनाथराव बाहेर आले, अगदी शांत, हातात माझे कागद. "दवंडी दिलेली आहे," म्हणाले. "हरकत एकाचीही नाही. अंगठे आहेत. हा बनुबाईचा. हा सरवरीचा, नूरमहंमदच्या घरचा. आता एक महिन्यानं आरडाओरडा करता?"

नूरमहंमद दारात बिल्ला लावून उभा होता. रंगनाथरावांनी त्याच्याकडे बोट केलं. "काय रे, दवंडी दिलीस की नाही?"

नूरमहंमद एक पायरी खाली उतरला.

"दिली, साहेब."

"कुठं दिलीस?"

"समद्या गावात. पट्टीवर बी."

"झालं तर," रंगनाथराव म्हणाले आणि आत गेले.

सरवरी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. बोलली ती बनुबाई. "मुडद्या, अंगठा आमी तुज्या तोंडाकडं बघून दिला! तू म्हंजे का न्हाई म्हनलास?"

उत्तर माझ्याकडं होतं, आणि मी आत टेबलाखाली मान घालून दौत शोधत होतो. दौत टेबलावरच होती.

दुसरे दिवशी भर बाजाराच्या वेळी डफ वाजला. कुणी कागद दिलेला नव्हता. मी खिडकीशी गेलो. नूरमहंमद कोट-बिल्ला सगळं घालून चौकात उभा.

"ऐका हो ऐका! नंबर अकराशे बेचाळीस. म्हंजे बाबांनो, पांजनपट्टी! पडीक म्हंजे, जितं आमची बायकापोरं रोज खळ लावीत हुती ती! विक्री म्हंजे, हुरड्याच्या आगटीवर शिजलेली! तितं कोन कोन हुतं, ऐका!" आणि एकेक नाव. रंगनाथराव. छगनशेट. खादीवाला, रावसाहेबकीवाला, मशिदीवाला, देवळावाला, एकेकाचं बापाच्या नावासकट. छगनशेटच्या मळ्यातल्या सालगड्यानं त्याला सगळं सांगितलं असणार.

मी खिडकीचा गज धरून उभा होतो. आता माझं नाव येणार. सालगड्यानं मला बघितलं होतं, हुरडा खाताना बघितलं होतं. नूरमहंमद श्वास घ्यायला थांबला.

"आन दवंडी देनारा, नूरमहंमद वल्द शेखलाल," तो म्हणाला, "न कळता बोलला, त्याच्या तोंडात माती." आणि खरोखर खाली वाकला, चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली.

माझं नाव आलंच नाही.

लोकांनी ऐकलं. कुणी हळहळलं, कुणी हसलं. "बैल गेला आन् झोपा केला," किराणावाला म्हणाला आणि पुन्हा तागडी उचलली. ज्या गावाचे त्या 'म्हंजे'ला हात थांबत होते, ते हात त्या दिवशी थांबले ते घडीभर. थू! संध्याकाळच्या आत नूरमहंमदचा कोट, बिल्ला आणि डफ कचेरीत जमा झाला. जमा करून घेतला मी. माझी नोकरी त्याच आठवड्यात कायम झाली.

पावसाळ्याच्या आत टॉकीजच्या भिंती वर आल्या. माग बंद पडायला लागले. कुणी सोलापूरला गेलं, कुणी मालेगावला, कुणी भिवंडीला. मोटारस्टँडवर नूरमहंमद उभा असायचा, पाशिंजरं गोळा करायला. "नगर! नगर! शेवगाव! चला, शेवगाव!" तोच आवाज. त्याच आवाजात त्यानं आपल्या आळीतली बिऱ्हाडं एकेक करून गाडीत चढवली. ड्रायव्हर लोक त्याला चहा पाजायचे, वर दोन-चार आणे द्यायचे.

मी त्याला चुकवत होतो. पण एकदा कामाला नगरला निघालो आणि गाडी सुटायला उशीर होता. त्यानं मला गाठलंच. स्टँडवरच्या हॉटेलात नेलं, फडक्यानं बाक पुसून दिलं.

"भाऊसाहेब, तुमाला येक सांगायचं ऱ्हायलं हुतं," तो म्हणाला. "तो सालगडी म्हनत हुता, तुमी बी हुता तितं. मी त्याला म्हनलं, गप. भाऊसाहेबांनी मला कागद वाचून दाखिवला तवा मी सोता इचारलं, जागा कंची. ते म्हनले, मलाबी ठाऊक न्हाई. नऊ वर्सं कागद वाचून दाखिवला त्या मानसानं, येक अक्षर खोटं न्हाई सांगितलं. म्हनून तुमचं नाव घेतलं न्हाई मी." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "तुमाला बी फशिवलं त्यांनी. व्हय ना?"

त्याचे डोळे माझ्या तोंडावर होते. न कळता तोंडातून गेलेल्या शब्दाचा अर्थ कळल्यावर त्यानं भर बाजारात माती खाल्ली होती. मला तर नुसतं खरं बोलायचं होतं.

"हो," मी म्हणालो. "मलाही फसवलं."

त्यानं समाधानानं मान हलवली. मग हॉटेलवाल्याकडं वळून त्या दणदणीत आवाजात ओरडला, "भाऊसाहेबांना येक पेशल चा! माज्या नावावर!"

चहा आला. मी तो प्यालो.